घोड्यांना वैरण कुणाची?

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात अर्धवट टाकलेले काम कुणाला आवडत नाही. अर्धे नांगरलेले रान, अर्धी उष्टी टाकलेली भाकरी, अर्धा शाकारलेला गोठा ही घराच्या अब्रूची गोष्ट असते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मी एक सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी दोनशे चौदाव्या पानावर मिटून वाचनालयात परत दिली, तेव्हा ग्रंथपालाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्यांना ठाऊक होते, या लेखकाचे पुस्तक मी कधी अर्धे ठेवत नाही. त्यांच्या वहीत या लेखकाच्या प्रत्येक पुस्तकापुढे माझे नाव आहे, काहींपुढे दोनदोनदा.

लेखकाचे नाव मी इथे सांगणार नाही. ज्याच्या हातचे आपण वर्षानुवर्षे आवडीने जेवलो, त्याची एका दिवसाची आमटी खारट झाली म्हणून ती चव्हाट्यावर नेऊन ठेवू नये. शिवाय नाव कळून तुमचा काही फायदाही नाही. अशी कादंबरी आज ना उद्या तुमच्याही हाती येणारच आहे, दुसऱ्या कुणाची तरी. तेव्हा बोलायचे ते पुस्तकाविषयी, आणि आपल्यासारख्या वाचणाऱ्यांविषयी.

आपल्या लोकांना ऐतिहासिक कादंबरीचे वेड आजचे नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 मध्ये निघाली, ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. पुढे हरि नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले. तेही आपल्या या साप्ताहिकासारखेच, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे असे. त्यातच त्यांची ‘उषःकाल’ प्रकरणाप्रकरणाने येत असे आणि पुढच्या अंकाची वाट पाहत लोक बसत. नंतर नाथमाधव आले. मग 1962 मध्ये रणजित देसायांची ‘स्वामी’ आली, 1972 मध्ये ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, 1979 मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’, 1988 मध्ये विश्वास पाटलांची ‘पानिपत’. ज्या खेड्यात दुसरे कुठलेही पुस्तक पोचले नाही, तिथेही यांतले एखादे पोचले आहे. पुठ्ठा निखळलेले, पहिली चार पाने गेलेले, पण पोचले आहे.

आमच्या घरीही अशी पुस्तके मोठ्याने वाचायची रीत आहे. घरात आत्या आहे. वय ऐंशीच्या पुढे, शाळेची पायरी कधी चढली नाही आणि आता डोळ्यांनीही नीट दिसत नाही. पण कान शाबूत आणि ध्यान त्याहून शाबूत. जेवणे आटोपली की ती भिंतीला टेकून बसते. मी वाचायचे आणि तिने ऐकायचे. या लेखकाची मागची पुस्तके तिला जवळजवळ पाठ आहेत. त्यातला एखादा प्रसंग ती शेजारणीला अशा थाटात सांगते, की शेजारणीला वाटावे हिच्या माहेरच्या भाऊबंदांचीच गोष्ट चालली आहे.

तर ही कादंबरी आली. पाळी धरून, दीड महिना वाट पाहून मिळाली. आमचे वाचनालय ‘ड’ वर्गातले. 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हापासून गावोगावच्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. त्यातले सगळ्यांत धाकटे भावंड ते आमचे. नवे पुस्तक एकच घेता येते आणि त्यापुढे पंधरा नावे लागलेली असतात. पुस्तक घरी आले त्या रात्री आत्याने लवकर जेवून घेतले.

पहिल्या काही प्रकरणांतच खडे लागायला सुरुवात झाली. एका किल्ल्याच्या पायथ्याशी, शिवकाळात, गुलमोहर लालभडक फुलला होता. आता गुलमोहर हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. ते आपल्याकडे आले एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलात. महाराजांच्या मावळ्यांनी फुललेला पळस पाहिला असेल, पांगारा पाहिला असेल, काटेसावर पाहिली असेल. गुलमोहर त्यांच्या नशिबी नव्हता. पुढे एका ठिकाणी ऐन आषाढात पाच हजार घोडदळ भीमा ओलांडून गेले. नदीला पूर नाही, काठाला चिखल नाही, एकाही घोड्याचा खूर काळ्या रानात रुतला नाही. ज्याने आषाढात नुसती बैलगाडी ओढ्यापार नेली आहे, त्याला इथे हसू आवरणार नाही.

पण वाचकहो, एवढ्यासाठी मी पुस्तक सोडले नाही. एक गुलमोहर मी कुणालाही माफ करीन, आणि आषाढातली एक नदीसुद्धा. कादंबरी म्हणजे काही जमिनीचा दस्त नव्हे, की एक आकडा चुकला आणि खरेदीखत रद्द झाले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या नावाचेच पाहा. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे पडले आणि महाराजांनी कोंढाण्याला सिंहगड हे नाव दिले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इतिहास शोधणारे सांगतात, की सिंहगड हे नाव त्याआधीच्या कागदांतही सापडते. म्हणून हरिभाऊंची कादंबरी कुणी फेकून दिली का? नाही. कारण मुलाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेला बाप आपल्याला कळतो. लग्नाची तिथी ठरलेली, घरात पाहुणे येऊ घातलेले, आणि वरचा हुकूम आलेला, ही ओढाताण ज्याच्या घरात कार्य निघाले आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही. तपशील चुकला तरी माणूस खरा असला, की वाचणारा सांभाळून घेतो.

या कादंबरीत माणूसच सापडेना. जो तो उभा राहून भाषण करी. आई मुलाशी बोले ते भाषण, नवरा बायकोशी बोले ते भाषण, जखमी होऊन पडलेला शिपाई पाणी मागायच्या आधी दीड पान बोले. सूर्य उगवला तरी अर्धे पान, मावळला तरी अर्धे पान. मी वाचत होतो, कारण लेखक आवडता होता. मनात म्हणत होतो, पुढे रंगेल. मागच्या पुस्तकातही पहिली पन्नास पाने जड गेली होती. शंभर झाली, दीडशे झाली. आत्या ऐकत होती, पण पूर्वीसारखी मध्येच ‘मग?’ म्हणत नव्हती.

दोनशेव्या पानाच्या आसपास सैन्य पुन्हा एकदा निघाले. टापांचा आवाज, धुळीचे लोट, भगवे झेंडे, सगळे यथासांग. तेवढ्यात आत्या म्हणाली, “व्हय रं, ही घोडी कवाधरनं पळत्यात. वैरन कुनाची खात्यात?”

मी थांबलो. मागे चाळून पाहिले. दोनशे पानांत कुठल्याही घोड्याने काहीही खाल्ले नव्हते. माणसांनीही मेजवान्या सोडल्या तर काही खाल्ले नव्हते. दोनशे पानांत एक पेरणी नाही, एक मळणी नाही, सैन्य ज्या गावावरून गेले त्या गावात एक चूल पेटलेली नाही. रयत होती, पण ती जयजयकार करण्यापुरती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहायची, फुले उधळायची आणि पान उलटले की नाहीशी व्हायची. आत्या पुढे म्हणाली, “आन् पेरतं कोन ह्यांच्या राज्यात?” त्यानंतर चौदा पाने मी भिडेखातर वाचली आणि पुस्तक मिटले.

तुम्ही म्हणाल, म्हातारीच्या एका प्रश्नावर एवढे मोठे पुस्तक सोडले? पण तो प्रश्न म्हातारीचा एकटीचा नाही. तोच प्रश्न खुद्द शिवाजी महाराजांना पडलेला आहे, आणि तोही लेखी.

1674 मध्ये राज्याभिषेक झाला. त्याच्या आधीच्या काळातली गोष्ट. महाराजांचे लष्कर चिपळूणला होते. पावसाळा तोंडावर आला, घाटावर जाता येईना, म्हणून छावणी तिथेच करायची ठरली. त्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांच्या कचेरीतून एक पत्र गेले, ते सुदैवाने शिल्लक आहे. त्यात तलवारीची भाषा जवळजवळ नाहीच. सगळे पत्र दाण्याचे, गवताचे आणि चुलीचे आहे. त्याचा मथितार्थ असा: दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी जी बेगमी केली होती ती बरीचशी संपली आहे; कारकुनांकडून आणि गडांवरून मिळेल तो गल्ला देववून कशीबशी तजवीज केली आहे. आता तुम्ही आहे तोवर घोड्यांना मनमुराद चाराल आणि ऐन पावसात दाणावैरण संपली की काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. नंतर तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील. कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. जे कुणबी कसाबसा जीव धरून राहिले आहेत ते गाव सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील. त्यांना वाटेल, मोगल आले होते त्यापेक्षा हे वाईट. म्हणून जे लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्यावे, कुणावर जुलूम करू नये.

पुढचा भाग तर आपल्या गोठ्यात उभे राहून लिहिल्यासारखा आहे. गवताच्या गंजी जवळ आहेत, कुणी बेफिकीरपणे आगट्या पेटवील, कुणी तंबाखू ओढील, वाऱ्याने ठिणगी उडेल. रात्री दिवा तसाच ठेवाल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील, गवत जाईल, आणि मग भर पावसात घोड्यांना ना चारा ना छप्पर.

वाचकहो, उंदराने वात नेण्याची काळजी ज्याने केली, त्याने गवताची गंजी जवळून पाहिली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे पत्र मी आत्याला वाचून दाखवले. जुनी भाषा, मध्ये फारसी शब्द, तरी दोन ठिकाणी सोडले तर तिला अर्थ विचारावा लागला नाही. उंदराशी आलो तशी ती म्हणाली, “ह्यो खरा राजा.” सहाशे पानांच्या कादंबरीने जे साधले नाही, ते दोन पानांच्या पत्राने साधले.

आणि ही वैरण बाजूची गोष्ट नाही, इतिहासाच्या ऐन गाभ्यातली आहे. आपली सैन्ये दसऱ्याला सीमोल्लंघन करून का निघत? पाऊस सरलेला असे, नद्या उतरलेल्या असत, खरिपाचे पीक हाताशी येत असे, रानात गवत असे आणि शेतातला गडी मोकळा होऊ लागलेला असे. मृगाच्या आत बहुतेक शिपाई घरी परतत, कारण त्यातले कितीतरी जण पेरणीला घरी हवे असत. लढाईचे वेळापत्रक शेतीने आखून दिलेले होते. पानिपताचेही तेच. 1760 च्या अखेरीस मराठी फौजेची रसद तुटली. रसद पुरवण्याची कामगिरी ज्यांच्याकडे होती ते गोविंदपंत बुंदेले त्या डिसेंबरात मारले गेले. छावणीत माणसांना दाणा नाही, जनावरांना चारा नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज 14 जानेवारी 1761 रोजी बाहेर पडली. त्या दिवशी तोफा आणि तलवारी चालल्या हे खरे, पण त्याआधी कित्येक दिवस भूक लढत होती. ही भूक ज्याला दिसली नाही, त्याने पानिपत पाहिले असे कसे म्हणावे?

कुणी म्हणेल, कादंबरी ती कादंबरी, करमणुकीपुरती वाचावी, एवढे कशाला मनाला लावून घ्यायचे? मनाला लावून घ्यायचे ते मुलांसाठी. आपल्या घरातले पोर शाळेच्या पुस्तकातला इतिहास परीक्षेपुरता वाचते आणि कादंबरीतला इतिहास जन्मभर लक्षात ठेवते. लेखकाने पात्राच्या तोंडी घातलेले वाक्य ते महापुरुषाचे म्हणून भाषणात सांगते. छत्रपती संभाजी महाराजांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. 1689 मध्ये त्यांना हाल हाल करून मारले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी चिटणीसांची बखर लिहिली गेली आणि तिने रंगवलेला बेफाम, व्यसनी राजपुत्र पुढे नाटके-कादंबऱ्यांतून घरोघर गेला. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागद जमवून 1960 मध्ये संभाजीचरित्र लिहिले, कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ 1971 मध्ये आले, तेव्हा कुठे ते चित्र पालटू लागले. एका राजाची बदनामी पुसायला एवढी वर्षे लागली. आणि आता काही पुस्तकांत उलट टोक दिसते. कुठल्याही राजाला भूक नाही, चूक नाही, झोप नाही. तोही खरेपणा नव्हे. ज्याला कधी चिंता पडली नाही, त्याच्यापासून आपल्या पोरांनी शिकायचे काय?

आता कामाची गोष्ट. पुस्तक सोडायचे ते कसे सोडायचे?

पहिले म्हणजे घाईने सोडू नये. जमीन पहिल्या पावसात आपले गुण दाखवत नाही. सहाशे पानांच्या पुस्तकाला शंभर पाने तरी द्यावीत. लेखक आवडता असेल तर आणखी पन्नास, जुन्या स्नेहाची म्हणून. त्यानंतरही रात्री पुस्तक उघडताना हात जड होत असेल, तर समजावे की आपण वाचत नसून वेठ करीत आहोत. रोपच उगवून आले नसेल तर त्या वाफ्याला रोज पाणी घालून उपयोग नाही.

दुसरे म्हणजे का सोडले ते स्वतःला नेमके सांगता आले पाहिजे. ‘बरे वाटले नाही’ हे पुरेसे नाही. मी माझ्या वहीत एक ओळ लिहिली: घोडी उपाशी, माणसे भाषणे करणारी. एवढे लिहिले की राग उरत नाही, आणि पुढचे पुस्तक निवडताना ती ओळ उपयोगी पडते.

तिसरे, आपल्या नावडीचा डांगोरा पिटून मागच्या चौदा वाचकांचा घास कडू करू नये. पुस्तक वेळेवर परत करावे. अर्धे वाचलेले पुस्तक फळीवर महिनाभर पडू देणे हा पुढच्या वाचकावर अन्याय आहे. माझ्यानंतर ज्यांनी ते नेले, त्या गृहस्थांनी चार रात्रींत संपवले आणि त्यांना फार आवडले. त्यांच्या आवडीशी माझे भांडण नाही. एकाच रानात एकाला ज्वारी साधते, दुसऱ्याला हरभरा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे. एका पुस्तकापायी जुना लेखक तोडू नये. आमच्याकडे ज्या बैलाने बारा वर्षे नांगर ओढला, तो एखाद्या दिवशी तासातून बाहेर गेला म्हणून कुणी त्याला बाजार दाखवत नाही. या लेखकाची आधीची पुस्तके ज्या रात्री आम्ही वाचली, त्या रात्री खऱ्या होत्या. त्यांतल्या एका आईच्या तोंडचे बोलणे ऐकून आत्या पदराने डोळे पुसत होती, तेही खरे होते. नवे पुस्तक फसले म्हणून जुने खोटे ठरत नाही. त्यांचे पुढचे पुस्तक आले की मी पुन्हा पाळीला नाव लावणार आहे, आणि पहिल्या पानापासून पाहणार आहे, घोड्यांपुढे वैरण टाकली आहे का.

तुम्हालाही हेच सांगणे आहे. ऐतिहासिक कादंबरी हाती आली की पदव्या नाहीत, अभ्यास नाही म्हणून दबून जाऊ नका. पाऊस केव्हा पडतो, कुठल्या महिन्यात रानात काय उभे असते, दुष्काळात माणूस आधी काय विकतो, फौज गावात शिरली तर बाई धान्य कुठे लपवील, हे तुम्हाला पुण्या-मुंबईच्या टीकाकारापेक्षा अधिक कळते. महाराजांचा जन्म 1630 चा. त्याच सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला, माणसे देशोधडीला लागली. त्या दुष्काळातल्या गावाविषयी कुठला लेखक काय लिहितो, हे पारखायला 1972 चा दुष्काळ पाहिलेला माणूस घरात असेल तर आणखी काय हवे? त्याला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा.

आणि जमले तर आणखी एक करा. माळ्यावरच्या पेटीत आजा-पणजाचे मोडी कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. इतिहासाचार्य राजवाडे अशाच कागदांसाठी गावोगाव पायपीट करीत हिंडले. त्यातून त्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही याच ध्यासातून. तुमच्या पेटीत राजाचे पत्र नसेलही. कदाचित सारा भरल्याची पावती असेल, बैल विकल्याचा कागद असेल, बांधाच्या भांडणाचा निवाडा असेल. मोडी वाचणारा गाठून तो वाचून घ्या. आपल्याच घरातली माणसे त्यात भेटतील, भाषण न करणारी, पेरणीच्या काळजीत असलेली. उद्याच्या एखाद्या चांगल्या कादंबरीला लागणारी वैरण तिथेच साठवलेली असेल.